नानांची उघडी बादली

बांधलेल्या पिशवीवर आमच्या नानांइतका अविश्वास ठेवणारा माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात झाला नसेल. महाराष्ट्रात म्हणणार होते, पण नाना असते तर त्यांनी लगेच विचारलं असतं, "तू फिरून आलीस का महाराष्ट्र?" म्हणून जिल्ह्यावर थांबते. माणसांवरही ते संशय घेत, पण माणसाला निदान तोंड असतं, काहीतरी सांगून तो सुटतो. पिशवीला ती सोय नव्हती. गाठ मारलेली पिशवी घरात आली की नाना आधी पिशवीकडे बघत, मग ती आणणाऱ्याकडे, मग पुन्हा पिशवीकडे, आणि दोघांपैकी कोण आधी कबुली देतंय याची शांतपणे वाट बघत बसत. आत मेथीची जुडी आहे हे वरून दिसत असलं तरी गाठ सुटून मेथी बाहेर येईपर्यंत ती मेथी नसे.

नाना म्हणजे माझे सासरे. त्यांची सगळी नोकरी नाशिक रोडला, नोटा छापायच्या प्रेसमध्ये झाली. तिथे म्हणे खराब झालेल्या कागदाचा कपटासुद्धा वाऱ्यावर सोडत नाहीत. ड्युटी सुटली की झडती. खिसे उलटे करा, जेवणाचा डबा उघडा, हात वर करा, मग गेटवरचा माणूस म्हणणार "जा", आणि मगच तुम्ही तुमच्या सायकलीचे आणि संसाराचे. निदान नाना तरी असंच सांगत. बाकीच्यांना या झडतीचा कंटाळा असेल. नानांना तिचा अभिमान होता. "ज्याला कुणी तपासत नाय," ते म्हणत, "त्याच्यापाशी तपासण्याजोगं कायच नसतं." रिटायर झाल्यावर त्यांना पेन्शन मिळाली, हार-नारळ मिळाला, पण रोज संध्याकाळी हात वर करायला लावणारं कुणी राहिलं नाही. ही उणीव त्यांनी आपल्या परीने भरून काढली. एकदा आम्ही त्यांना मॉलमध्ये नेलं. दारातलं मशीन ओरडलं आणि कंटाळलेला गार्ड म्हणाला, "चला काका, पुढे चला." नाना हलेनात. हात वर करून तिथेच उभे. "अरे, ते ओरडलं ना? मग बघ तरी कशाला ओरडलं!" शेवटी त्यांनी स्वतःच खिसे उलटे केले. किल्ल्या निघाल्या, अडकित्ता निघाला, नेलकटर निघालं. मागे रांग लागली. माझा नवरा आम्हाला ओळखत नसल्यासारखा सरकत्या जिन्याने वर निघून गेला. लग्नाच्या हॉलमधून निघतानाही नानांचे हात दारापाशी आपोआप वर जात. यजमानांना वाटे, म्हातारा आशीर्वाद देतोय. कित्येक जण पाया पडून मोकळे झाले.

पण ही सवय नुसती नोकरीची असंही म्हणता येत नाही. माझ्या सासूबाई सांगतात, लग्नात भटजींनी अंतरपाट धरला तेव्हा पलीकडे ठरलेलीच मुलगी आहे ना, हे बघायला नानांनी खाली वाकून पाय बघितले होते. "तेव्हा कुठं प्रेसमध्ये लागले होते?" आई म्हणतात. "हे जन्मलेच चेकिंगला."

घरात नियम साधा होता. बाहेरून येणाऱ्याने डबा ओट्यावर ठेवण्याआधी नानांसमोर उघडायचा. रिकामा असला तरी उघडायचा. नाना खुर्चीतून मान वाकवून आत बघत आणि म्हणत, "जा." बाहेर जातानाही तसंच. लग्नाआधी माझा नवरा एवढंच म्हणाला होता, "आमचे नाना जरा चौकस आहेत." माझा नवरा कुठल्याही गोष्टीचं वर्णन किती कमी शब्दांत करतो हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

मी नामपूरची. वडील कांदा मार्केटात गोण्या शिवायचे, आई खळ्यावर कांदा निवडायची, आणि आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली व्यक्ती मी. मायक्रोबायोलॉजीची पदवी. हे मी मुद्दाम सांगते, कारण सांगण्यासारखं आहे. ती पदवी मी फ्रेम करून सासरी आणली आणि सरळ हॉलमध्ये लावली. दुसऱ्याच दिवशी पाहते तर नाना फ्रेमच्या मागच्या पिना उचकटून बसलेले. पदवी बाहेर काढली, खिडकीच्या उजेडाला धरली, आडवी केली, उभी केली, कोपरा बोटांत धरून चोळला. मी दारात उभी, रागाने लाल. नानांनी ती होती तशी आत सरकवली, पिना ठोकल्या, फ्रेम भिंतीवर सरळ केली आणि म्हणाले, "कागद बरा हाय." पुढे कितीतरी दिवसांनी नवऱ्याकडून कळलं की नानांनी आजवर कुणाचंही याहून मोठं कौतुक केलेलं नाही.

मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. तिथे प्रत्येक डब्याला पिशवी. पिवळीत काय जायचं, लालमध्ये काय जायचं हे ठरलेलं, आणि पिशवी न लावलेल्या डब्यात कापसाचा बोळा जरी टाकला तरी मॅडम सगळ्यांदेखत झापणार. आणि आमच्या घरी पिशवी लावलेला डबा हाच गुन्हा. रोज सकाळी मी एका कायद्यातून निघून दुसऱ्या कायद्यात जात असे, आणि संध्याकाळी उलट.

आमच्या बाथरूममध्ये कचऱ्यासाठी रंगाची रिकामी बादली होती. भिंतींना रंग दिला तेव्हा उरलेली, कडेवर पिवळा ओघळ वाळलेला. झाकण नाही, आत पिशवी नाही, बूडसुद्धा स्पष्ट दिसणार. नाना ती रोज फिनेलने धूत, अंगणात पालथी घालून उन्हात वाळवत, आणि ती इतकी स्वच्छ असे की पाहुण्यांची मुलं तिच्यात पाय सोडून बसत. घंटागाडीचं गाणं लांबून ऐकू आलं की नाना बादलीपाशी जाऊन आधी तपासणी करत. त्यासाठी वेगळी काडी होती. टूथपेस्टची ट्यूब निघाली तर ती कात्रीने उभी चिरत आणि आतली पेस्ट नाश्त्याच्या वेळी सगळ्यांना दाखवत. "बघा. घाई कुणाला झाली होती?" साबणाची चिपटी निघाली तर ती नव्या साबणाच्या पाठीवर चिकटलेली सापडे. एकदा नवऱ्याने गुपचूप केस काळे करायचा डाय लावला आणि रिकामं पाकीट बादलीत टाकलं. जेवताना नाना भात वाढून घेताना मुलाच्या डोक्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "तारुण्य लय स्वस्त झालंय आता. पाकिटात मिळतं."

घंटागाडीवरच्या मावशींशीही त्यांचं पटत नसे. नाना बादली सगळ्यांदेखत गाडीत पालथी करत, वारा असला की कपटे उडत, आणि मावशी ओरडत, "ओ काका, बांधून देत जा ना! माझ्या तोंडावर येतंय सगळं!" नाना म्हणत, "बांधलेल्यात काय आलं ते तुला कळतं का? माझं बघ, सगळं समोर." मावशी म्हणत, "मला नाही बघायचं तुमचं प्रदर्शन!"

अशा घरात मी एक दिवस काळ्या पिशव्यांचा रोल आणला आणि त्यातली एक बादलीला लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच पिशवी नीट घडी घालून माझ्या डब्यावर ठेवलेली.

"ही कुणाची?" नाना खुर्चीतून.

"माझी. कचऱ्याच्या बादलीला लावायची असते, नाना."

"कचऱ्याला कपडे कशाला?"

"बादली घाण होत नाही त्याने."

"बादली मी रोज धुतो. तुला कधी घाण दिसली?"

"जंतू दिसत नसतात."

"मग तुला कसे दिसले?"

"शिकलेय मी ते. पदवी आहे माझ्याकडे, तुम्ही बघितलीय."

"बघितली. कागद चांगला हाय." नाना पुढे झुकले. "आता सांग. जंतू पिशवीत गेले. वर तू गाठ मारली. मेले का ते?"

"मेले नाहीत, पण..."

"म्हंजे आत काय चाललंय ते कुणालाच ठाऊक नाय." त्यांनी रोल उचलला, उजेडाला धरला, आरपार काही दिसेना तेव्हा मान हलवली आणि तो माळ्यावर नेऊन ठेवला. फेकला नाही. आमच्या घरात फेकायची वस्तूसुद्धा आधी माळ्यावर मुक्काम करते. "वर परत प्लास्टिक," ते उतरताना म्हणाले. "एवढ्याशा कचऱ्याला जन्मभर न सडणारी पिशवी." हे मात्र मला खोडता आलं नाही, आणि खोडता आलं नाही म्हणून आणखी राग आला.

आता मला पिशवी खरी कशाला हवी होती ते सांगते. जंतूंसाठी नाही. बाथरूम एकच होतं, बादली उघडी होती, तिच्यात काडी फिरत होती, आणि मला दर महिन्याला पाळी येत होती. मग मी काय करत असे? वापरलेले पॅड वर्तमानपत्रात गुंडाळायचे, वर रबर लावायचं, पर्सच्या तळाशी ठेवायचे आणि स्कूटरवरून लॅबमध्ये नेऊन तिथल्या डब्यात टाकायचे. नामपूरच्या घरात मागे परसू होतं, तिथे आई खड्डा करायची. शहरात, पदवीधर होऊन, पगार घेऊन, मी आपला कचरा पर्समध्ये घालून गावभर फिरत होते. माझी आई चार दिवस राहायला आली तेव्हा तिने ती काडी फिरताना पाहिली आणि मला स्वयंपाकघरात ओढून कुजबुजली, "तुना सासरा काय पोलीस शे का वं?" मी म्हटलं, पोलीस परवडला, तो निदान वॉरंट आणतो.

मी सासूबाईंना एकदा विचारलं, तुम्ही इतकी वर्षं काय करत होतात? त्या गहू निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "तेव्हा कापडं असायची. धुवायची, आणि दोरीवर लुगड्याच्या आत वाळत घालायची. वर लुगडं, आत माझं सगळं." मग हसल्या. "ह्यांनी आख्खं घर उचकटलं जन्मभर. पण ओलं लुगडं उचलून कधी बघितलं नाही."

पण माझ्याकडे लुगडं नव्हतं, पर्स होती. आणि नानांनी पर्स हेरली. महिन्यातले काही दिवस ती जाताना फुगलेली असते आणि येताना चपटी, एवढं त्यांच्या लक्षात आलं होतं. घरातून काहीतरी बाहेर जात होतं. ज्या माणसाने जन्मभर गेटवर आपला डबा उघडून दाखवला, त्याच्या घरातून! त्यांनी देवघरातली भांडी पाहिली. माळ्यावरची पितळी घागर पाहिली. आईंना विचारलं, "तुझ्या पाटल्या कुठंयत?" आई म्हणाल्या, "हातात." सगळं जागच्या जागी होतं आणि तरीही काहीतरी जात होतं. या कोड्याने नानांची झोप उडाली. ताटात भात उरू लागला. ते आम्हा प्रत्येकाकडे असं बघत की आपण काय चोरलंय ते मलाच आठवून बघावंसं वाटे.

शेवटी एके सकाळी मी स्कूटरची किल्ली घेऊन निघाले, तर नाना खुर्ची सोडून दारात उभे.

"सूनबाई, डबा."

मी डबा उघडला. पोळी, गवारीची भाजी, लोणचं.

"ठीक. पर्स?"

"पर्स कधी बघत नाही तुम्ही."

"आज बघतो."

माझा नवरा बूट घालत होता, तो एका पायात बूट घालून तसाच थांबला. "नाना, राहू द्या ना."

"तू गप. काय हाय तिच्यात, सूनबाई?"

मला माहेरी सगळे फटकळ म्हणतात. मी पर्सची चेन उघडली, वर्तमानपत्राची गुंडाळी वर काढली आणि त्यांच्यापुढे धरली. "नाना, पॅड आहेत. पाळीचे. वापरलेले. तुमच्या बादलीत टाकता येत नाहीत म्हणून रोज लॅबपर्यंत नेते. रबर काढून बघायचंय?"

घरात आवाज फक्त कुकरचा. नाना त्या गुंडाळीकडे बघत होते, मग माझ्याकडे बघणार होते, पण त्यांना ते जमलं नाही. ते बाजूला झाले. मी स्कूटर चालू केली तेव्हा चिडले होते की घाबरले होते हे मला आजही नीट सांगता येत नाही. आत आईंनी मात्र, नवऱ्याने नंतर सांगितलं, कुकर बंद केला आणि एवढंच म्हटलं, "झाली तपासणी? आता चहा घ्या."

त्यानंतर काही दिवस नाना बादलीजवळ फिरकले नाहीत आणि डबाही बघेनात. मी संध्याकाळी सवयीने खुर्चीपुढे डबा उघडायची, तर ते वर्तमानपत्रात डोकं घालून. कुणी "जा" म्हणेना. गंमत बघा, मी लढाई जिंकले होते आणि स्वतःच्या घरात आत जायला मला अवघडल्यासारखं होत होतं.

मग एक दिवस नाना बाजारातून आले आणि ओट्यावर पिशव्यांचं पुडकं ठेवलं. "ह्या लाव बादलीला."

मी एक सोडवून धरली. काचेसारखी. पलीकडचे नाना स्पष्ट दिसत होते.

"यातून सगळं दिसतं, नाना."

त्यांनीही पलीकडून मला पाहिलं. बराच विचार केला. "हां," म्हणाले आणि पुडकं परत घेतलं. त्या पिशव्यांत आम्ही सीझनभर मटार भरले.

दुसऱ्या दिवसापासून ते व्हरांड्यात जुनी वर्तमानपत्रं घेऊन बसू लागले. मला वाटलं रद्दी लावताहेत. जवळ गेले तर नाना कागद दुमडत होते. मी आयुष्यात इतके शहाणे हात पाहिले नाहीत. कागद पसरला, अंगठ्याच्या नखाने घडी दाबली, उलटला, कोपरे आत दडवले, पुन्हा उलटला, आणि हात घालून उघडला तर चौकोनी बुडाची पिशवी. डिंक नाही, पिन नाही, दोरा नाही. वर एक पट्टी सोडलेली, ती दुमडून खाली खोचली की तोंड बंद. त्या पिशव्या कुठे घालायच्या त्याचीही तयारी होती. रंगाची दुसरी बादली, आणि तिला झाकण! आमच्या घरातली ती पहिली झाकलेली वस्तू, देव सोडले तर. नानांनी ती बाथरूमच्या कोपऱ्यात ठेवली, वर घडी घातलेल्या पिशव्यांची थप्पी ठेवली, झाकणावर दोनदा टकटक केलं आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "हिच्याकडे मी बघणार नाय. आन् प्लास्टिकपण नाय. कागदावर माझा भरोसा हाय."

आणि त्यांनी शब्द पाळला. पण नाना ते नानाच. बाथरूममधून बाहेर आले की ते प्रत्येक वेळी मोठ्याने जाहीर करत, "बघितलं नाय बरं!" पाहुणे आले असले तरी. सोसायटीचे चेअरमन चहा पीत बसले असताना एकदा नाना टॉवेलने हात पुसत आले आणि त्यांनाच म्हणाले, "बघितलं नाय बरं!" चेअरमन कप खाली ठेवून म्हणाले, "बरं." घंटागाडी आली आणि मी ती कागदी पिशवी घेऊन निघाले की नाना जास्वंदीकडे तोंड करून उभे राहत, कुणी फोटो काढतोय अशा थाटात. उघडी बादली मात्र चालूच राहिली, काडी चालू राहिली, आणि डबाही पुन्हा सुरू झाला. पहिल्या संध्याकाळी आत नुसता गवारीचा एक देठ चिकटला होता. नानांनी तो पाहिला, मला पाहिलं. "जा," म्हणाले. मी गेले, आणि ओट्यापाशी उगाच भांडी वाजवत राहिले.

अशी कितीतरी वर्षं गेली. माझ्या मुलीलाही त्यांनी त्याच पिशव्या करून दिल्या, तिला त्यात काही विशेष वाटलं नाही, आणि मला त्यातच सगळं विशेष वाटलं. मग एका हिवाळ्यात नानांची उजवी बाजू गेली.

लकव्याने जीभ जड झाली. चालणं थांबलं. डायपर आले. बदलण्याचं काम नवऱ्याने स्वतःकडे घेतलं आणि नेऊन टाकण्याचं माझ्याकडे आलं. पहिल्या सकाळी त्याने गुंडाळी करून माझ्या हातात दिली, आणि नाना खाटेवरून काहीतरी बोलले. कळेना. पुन्हा बोलले. मी कान जवळ नेला.

"काळी," नाना म्हणत होते. "काळी... पिशवी."

मी स्टूल घेऊन माळ्यावर हात घातला. रोल तिथेच होता, त्यांनी ठेवला होता त्या जागी. पहिली पिशवी चिकटली होती, ती फुंकर मारून उघडली, गुंडाळी आत टाकली, गाठ मारली. नाना गाठीकडे सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघत होते.

"अजून... एक."

मी दुसरी गाठ मारली. मग त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. ज्या दारातून काय जातंय ते बघण्यात त्यांचं आयुष्य गेलं, त्या दाराकडे त्यांनी पाठ केली. बाहेर घंटागाडीचं गाणं आमच्या कोपऱ्यावर आलं होतं. मावशी हॉर्न वाजवायला लावत होत्या. मी सरळ निघून जाऊ शकले असते, आणि नानांनाही तेच हवं असेल. पण माझा पाय निघेना. या घरातून नानांना न दाखवता काही न्यायचं म्हणजे काय, हे मला पर्सच्या दिवसांपासून माहीत होतं.

मी खाटेपाशी उभी राहिले. "नाना, बाहेर काहीतरी चाललंय."

नानांचं तोंड भिंतीकडेच.

"पिशवी आहे. बांधलेली. आत काय आहे कुणाला ठाऊक."

नानांनी हळूहळू मान वळवली. आधी पिशवीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा पिशवीकडे. डावा हात चादरीवरून थोडासा उचलला गेला, आणि वाकड्या ओठांच्या एका कोपऱ्यात मला अगदी जुने, खुर्चीतले नाना दिसले.

"जा," ते म्हणाले.

ते होते तोवर रोज सकाळी आमचं हे गेट चालू राहिलं. कधी पिशवीकडे बघून भुवई उंचावत, कधी मुद्दाम उशीर लावत, म्हणजे मला गाडीमागे पळावं लागे. त्यांनी केलेल्या कागदी पिशव्यांची थप्पी संपल्यावर मी त्यांच्यासमोर बसून घड्या घालायला शिकले. माझी पहिली पिशवी त्यांनी डाव्या हातात धरून उजेडाकडे नेली, आणि स्पष्ट, एकही अक्षर न अडखळता म्हणाले, "वाकडी." पुढच्यांबद्दल काही बोलले नाहीत. कागद बरा आहे असं समजून मी घड्या घालत राहिले.

आता आमच्या बाथरूममध्ये पायाने उघडायचा स्टीलचा डबा आहे. नवऱ्याने आणला. आत काळी पिशवी लावायची की माझी कागदाची, यावर घरात कुणाचं काही म्हणणं नाही. ज्याला जे हाताला लागेल ते तो लावतो. ट्यूब अर्धी भरलेली फेकली जाते, साबणाच्या चिपट्या जातात, डायची पाकिटं राजरोस जातात, मावशी खूश आहेत. आपल्या घरातून इतकं काही बाहेर जातं आणि कुणी विचारत नाही, याची मला अजून सवय झालेली नाही.

परवा लॅबमधून आले. पाय धुतले, डबा घेऊन ओट्याकडे निघाले आणि खुर्चीपाशी आल्यावर हात आपोआप झाकणाला गेला. उघडला. रिकामा. तशीच उभी राहिले, पुढे जावं की नाही ते समजेना. आई देवघरात वाती वळत होत्या, माझ्याकडे पाठ करून.

"बघितलं गं," त्या वळूनही न बघता म्हणाल्या. "जा."